दोष कार्डाचा की कर्नलचा?

लॅपटॉपवर लिनक्स टाकलं आणि वायफाय दिसेना, की बहुतेक जण कार्ड खराब ठरवून मोकळे होतात. हा निकाल घाईचा असतो. लिनक्स म्हणजे मुळात कर्नल, लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिहायला घेतलेला. उबुंटू, डेबियन, फेडोरा या डिस्ट्रो त्याच्याभोवती उभ्या राहिल्या, पण प्रत्येकीतली कर्नलची आवृत्ती निराळी. डेबियन १२ मध्ये ६.१, तर उबुंटू २४.०४ आली ती ६.८ घेऊन. बहुतेक ड्रायव्हर कर्नलसोबतच येतात. कालपरवाचं कार्ड जुना कर्नल ओळखणार कसा?

म्हणून एकाच यंत्रावर दोन-तीन डिस्ट्रो चालवून बघायच्या. एकीत जरी वायफाय नीट चाललं, तरी कार्ड निर्दोष सुटलं. व्हर्च्युअल मशीन इथे कामाचं नाही. त्यात सहसा खरं कार्ड दिसतच नाही. कधी ड्रायव्हर असतो, पण कार्डात भरायचं फर्मवेअर नसतं. मुक्त नसलेलं फर्मवेअर डेबियनच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये नसे. २०२२ मध्ये मतदान झालं आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून ते आलं.

सुरुवात लाइव्ह पेनड्राइव्हनं करा. व्हेंटॉय वापरलं तर एकाच पेनड्राइव्हवर अनेक आयएसओ मावतात आणि डिस्कला हातही लागत नाही. झोपवलेला लॅपटॉप नीट उठतो का, बॅटरी किती टिकते, हे मात्र डिस्कवर स्वतंत्र पार्टिशन देऊन तपासलेलं बरं. ग्रब या बूटलोडरच्या २.०६ आवृत्तीपासून दुसऱ्या सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर मुळातच बंद असतो, त्यामुळे मेनूत आधीची डिस्ट्रो दिसली नाही तर ती पुसली गेली असं समजू नका. स्वॅप सामाईक असेल तर एक डिस्ट्रो हायबरनेट करून दुसरी सुरू करणं धोक्याचं. आधीचं काम गेलंच म्हणा.

खरी फसगत रीस्टार्टमध्ये आहे. काही कार्डांत आधीच्या डिस्ट्रोनं भरलेलं फर्मवेअर रीस्टार्टनंतरही टिकून राहतं. मग दुसरीचं वायफाय उसन्या बळावर चालतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीच डिस्ट्रो हात वर करते. डिस्ट्रो बदलताना यंत्र पूर्ण बंद करा, चार्जर काढा, थोडं थांबा. विंडोजही असेल तर त्यातलं फास्ट स्टार्टअप आधी बंद करा.

दोष सापडला की डिस्ट्रोकडे तक्रार जरूर नोंदवा. सोबत कर्नलची आवृत्ती, कार्डाचं नाव आणि डीमेसेज या कमांडनं दिसणाऱ्या त्रुटीच्या ओळी द्या. नुसतं ‘वायफाय चालत नाही’ लिहिलं, तर कुणालाच काही करता येत नाही.