विजेच्या सवलती : एकीला एक जोडली तरच फायदा

कापडाच्या धंद्यात एक जुनी रीत आहे. गिरणीची सूट वेगळी, रोखीची सूट वेगळी आणि हंगामाअखेरची सूट वेगळी. जो व्यापारी तिन्ही मागून घेतो त्याला माल स्वस्त पडतो. जो पहिल्या सुटीवर खूश होऊन उठतो तो बाजारात मागे राहतो. घरच्या विजेच्या बाबतीत सरकार, महावितरण आणि पुणे महानगरपालिका अशाच वेगवेगळ्या सवलती देतात. त्यांच्या खिडक्या मात्र वेगवेगळ्या आहेत आणि एका खिडकीवरचा माणूस दुसऱ्या खिडकीची माहिती सांगत नाही. कसबा पेठेतील आमच्या बिरादरीत याचा हिशेब फार थोड्यांनी केला आहे, म्हणून हा लेख.

सर्वांत मोठी रक्कम केंद्र सरकारच्या 'पीएम सूर्यघर मुफ्त बिजली' योजनेची आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ही योजना मंजूर झाली. घराच्या छतावर सौर पॅनेल बसविल्यास पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटला १८ हजार रुपये, म्हणजे जास्तीत जास्त ७८ हजार रुपये अनुदान मिळते. एका किलोवॅटला सुमारे शंभर चौरस फूट मोकळी, उन्हाची जागा लागते व महिन्याला साधारण १२० युनिट वीज तयार होते. वाडा पाडून इमारत झाली असेल, तर सोसायटीला जिना, पंप, लिफ्ट अशा सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार रुपये वेगळे मिळू शकतात.

ज्यांचा वापर महिना १०० युनिटच्या आत आहे अशा घरांसाठी राज्य सरकारने २०२५ मध्ये 'स्मार्ट' नावाची जोडयोजना आणली. एका किलोवॅटचा खर्च ५० हजार धरून तीत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला केंद्राच्या ३० हजारांवर राज्याचे १७,५०० रुपये मिळतात. म्हणजे घरचे फक्त अडीच हजार. बाकी कमी वापराच्या सर्वसाधारण ग्राहकाला राज्याचे १० हजार मिळतात. मागील वर्षाचा वापर तपासला जातो, तेव्हा जुनी बिले फेकू नयेत. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर सामानावरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. कोटेशनमध्ये जुना दर दिसला तर तेथेच बोट ठेवावे.

आता व्यापाऱ्याच्या नजरेने पाहू. तिसऱ्या किलोवॅटला अनुदान कमी आहे. समजा त्याचा जादा खर्च ५० हजार आला, तर १८ हजार वजा जाता ३२ हजारांत १२० युनिट मिळतात. युनिटमागे सुमारे २६७ रुपये पडले. याउलट घरात ७५ वॅटचे पाच जुने पंखे रोज बारा तास फिरत असतील तर ते महिन्याला १३५ युनिट खातात. ३० वॅटचे नवे बीएलडीसी पंखे ५४ युनिटांवर भागवतात. पंखा २,८०० रुपयांचा धरला तर १४ हजारांत ८१ युनिट वाचले, म्हणजे युनिटमागे १७३ रुपये. म्हणून आधी पंखे आणि दिवे बदलावेत, मग उरलेल्या वापरापुरतेच पॅनेल घ्यावे. विक्रेता उलटेच सांगेल, कारण त्याला पॅनेल विकायचे आहे.

कसब्याची खरी अडचण पैशाची नाही, कागदाची आहे. मीटर आजोबांच्या नावावर, मिळकत चार चुलत्यांची, वाटणी कोणी केलेली नाही आणि छताचा मालक कोण हे विचारले की घरात शांतता पसरते. अनुदान मिळते ते मीटर ज्याच्या नावावर त्याला, आणि ते त्याच्याच बँक खात्यात. त्यातच आपल्या नावांची गंमत अशी की बिलावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरे आणि पासबुकावर तिसरे. मोहम्मद, मुहम्मद आणि नुसते 'मो.' असे तीन माणूस एकाच घरात राहतात! अर्ज करण्याआधी वारसांची लेखी संमती घेऊन मीटरचे नाव बदलून घ्यावे. वारसाहक्काचा हिशेब शरीयतने स्पष्ट सांगितला आहेच. तो कागदावर उतरविण्याचे निमित्त वीजमीटर झाले तरी बरेच. जुन्या वाड्याच्या कौलांवर किंवा गंजलेल्या पत्र्यावर मात्र पॅनेल चढविण्याआधी जाणकार इंजिनिअरला वासे दाखवावेत. भाडेकरूंना छताचा हक्क नसल्याने ही योजना जवळपास बंदच आहे. त्यांनी पंखे आणि बिलातील सुटीकडे लक्ष द्यावे.

दुकान किंवा कारखाना खाली आणि घर वर असेल, तर अनुदान फक्त घरगुती मीटरला मिळते. तांबट आळीतील कारागिराने व्यापारी मीटरवर सौर बसवले तर अनुदान नाही. पण आयकरात त्यावर ४० टक्के घसारा मिळतो. हे सी.ए.ला आठवण करून द्यावे लागते.

अनुदान काम पूर्ण होऊन नेट मीटर लागल्यानंतर खात्यात येते, त्यामुळे आधी पूर्ण रक्कम उभी करावी लागते. बँका यासाठी विनातारण कर्ज देतात, दरही कमी आहे, पण व्याज ते व्याजच. आमच्या मते यासाठी भाऊबंदांकडून कर्जे हसना घ्यावे किंवा बीसी उचलावी. अनुदान आले की पहिला हप्ता त्यातूनच फेडता येतो. काही विक्रेते ठरलेल्या किमतीत हप्ते देतात. किंमत आधीच पक्की असेल आणि उशिरासाठी रक्कम वाढत नसेल तर व्यवहार वेगळा ठरतो. तरीही शंका असल्यास आलिमांना विचारावे.

लहान सुटीही सोडू नयेत. महावितरणचे बिल लवकर भरल्यास सूट आहे, ऑनलाइन भरल्यास पाव टक्का वेगळा आणि कागदी बिल बंद करून 'गो ग्रीन' घेतल्यास बिलामागे दहा रुपये. पुणे महानगरपालिका सौर, पर्जन्यजल संधारण व गांडूळखत यांपैकी एक प्रकल्प चालू असल्यास मिळकत करात ५ टक्के आणि दोन असल्यास १० टक्के सवलत देते. जुन्या विहिरी असलेल्या वाड्यांना दुसरा प्रकल्प फारसा जड जाऊ नये. पालिकेचा माणूस पाहणीला येतो, प्रकल्प बंद आढळला तर सवलत जाते. स्वतः राहणाऱ्या मालकाची ४० टक्क्यांची सवलत याहून वेगळी आहे. तिच्यासाठी पीटी-३ अर्ज लागतो.

सौर योजनेचा अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर विनाशुल्क होतो. दलालाला पैसे देऊ नयेत, विक्रेता नोंदणीकृत आहे का आणि पॅनेल देशी बनावटीचे आहेत का हे पाहावे, कारण परदेशी पॅनेलवर अनुदान नाही. नेट मीटर लागल्याचा कागद हाती आला की त्याची एक प्रत घेऊन त्याच आठवड्यात पालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात करसवलतीचा अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.