घरच्या कुत्र्याची नोंदणी: वर्ध्यात कुठे करायची, शुल्क कोण ठरवतं?

भटकी कुत्री पकडणारी गाडी गल्लीत आली आणि नेमका तेव्हाच तुमचा मोती फाटकातून बाहेर पडला, तर तो पाळीव आहे हे पकडणाऱ्याला कसं कळणार? गळ्यात पट्टा आणि त्याला नोंदणीचा बिल्ला असेल तर लगेच कळेल. नसेल तर त्याच्या लेखी तोही मोकाटच.

नियम नेमका कोणाचा?

केंद्र सरकारच्या २००१ च्या श्वान जन्म नियंत्रण नियमांत पाळीव आणि भटकी असे दोन गट केले होते. पाळीव कुत्र्याचं लसीकरण, नसबंदी आणि स्थानिक कायद्याप्रमाणे परवाना ही मालकाची जबाबदारी होती. २०२३ मध्ये नवे नियम आले, तरी लसीकरण आणि नसबंदी मालकाकडेच राहिली.

शुल्काचं मात्र दिल्लीत किंवा मुंबईत ठरत नाही. राज्याच्या १९६५ च्या नगरपरिषद कायद्याने कुत्र्यांवर कर लावण्याचा अधिकार नगरपरिषदांना दिला आहे. त्यामुळे वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, देवळी, सिंदी रेल्वे इथे एकच दर असेल असं समजू नका. नागपूरच्या मित्राची पावती तर इथे अजिबात कामाची नाही, कारण महानगरपालिकांचा कायदाच वेगळा. पुणे महापालिकेने २०२२ मध्ये मांजरांचीही नोंदणी सुरू केली, तेव्हा वर्षाचे ५० रुपये ठरवले होते. म्हणजे प्रश्न पैशांचा कमी आणि चकरेचा जास्त आहे.

तुम्ही खरंच वर्ध्यात राहता का?

प्रश्न विचित्र वाटेल, पण इथेच बऱ्याच जणांची गफलत होते. पिपरी मेघे, सिंदी मेघे, बोरगाव मेघे, सावंगी मेघे ही सगळी वस्ती शहराला लागून, पत्त्यावर आपण ‘वर्धा’ लिहितो, पण कारभार ग्रामपंचायतीचा. घराच्या कराची पावती काढा. तिच्यावर ज्यांचं नाव, त्यांच्याच कार्यालयात चौकशी करा. नगरपरिषदेत आरोग्य किंवा कर विभागाला विचारा. जाताना कुत्र्याचा फोटो, तुमचा पत्त्याचा पुरावा आणि रेबीज लसीचं कार्ड सोबत ठेवा.

यातलं खरं महत्त्वाचं लसीचं कार्डच. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिली लस, वर्षाने दुसरी आणि पुढे पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचणं जवळजवळ अशक्य असतं. कुत्रा चावला तर, मग तो घरचा का असेना, जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. हळद, मिरची, चुना काही लावू नका.

बिल्ला असला म्हणजे तुम्ही सुटलात असंही नाही. आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून दुसऱ्याला इजा होऊ नये याची काळजी घेतली नाही, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

जाता जाता: सेवाग्रामला येण्याच्या दहा वर्षं आधी, १९२६ मध्ये, अहमदाबादच्या एका गिरणीमालकाने साठ भटकी कुत्री मारून टाकली, तेव्हा गांधीजींनी ‘यंग इंडिया’त लेखमाला लिहिली होती. कुत्र्यांना तुकडे टाकून मोकळं होणं ही दया नव्हे, कुत्र्याला मालक हवा, असं त्यांचं म्हणणं होतं. अहिंसेच्या पुजाऱ्याने त्या गिरणीमालकाची बाजू घेतली म्हणून तेव्हा टीकेची पत्रंही पुष्कळ आली.

नोंदणी झाल्यावर एक गोष्ट लोक विसरतात. कुत्रा मेला, कुणाला देऊन टाकला किंवा तुम्ही घर बदललं, तर कार्यालयाला लेखी कळवा आणि पोच घ्या. नाहीतर दोन वर्षांनी तो दुसऱ्याच्या अंगणातून कुणाला चावेल आणि नोंदवहीत मालक म्हणून नाव तुमचंच निघेल.