जगत्तुंगाच्या काठावर एक दिवस

जॉर्डनमधलं पेट्रा पाहून आलेली मंडळी लालसर कड्यात कोरलेल्या ‘खजिन्या’बद्दल भरभरून बोलतात. त्याकडे नेणाऱ्या अरुंद घळईच्या दोन्ही भिंतींत पाण्याचे पाट कोरलेले आहेत, ते मात्र फारसे कुणाच्या लक्षात राहत नाहीत. नबातियन लोकांनी वाळवंटात शहर वसवलं ते पावसाचा थेंब न् थेंब अडवून. नांदेड जिल्ह्यातलं कंधार बघायचं तर हे पाट डोक्यात ठेवून बघावं.

डोंगर कोरायची हौस आपल्याकडे टोकाला नेली राष्ट्रकूटांनी. वेरूळचं कैलास लेणं कृष्ण पहिल्याच्या काळातलं (इ.स. ७५६ ते ७७३), कळसाकडून पायथ्याकडे कोरत आणलेलं. हे घराणं ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ असं बिरुद मिरवायचं, आणि लट्टलूर म्हणजे आपलं लातूर असं अभ्यासक मानतात. राजधानी मान्यखेट, म्हणजे आजचं मालखेड. दहाव्या शतकात कृष्ण तिसऱ्याच्या कारकिर्दीत (९३९ ते ९६७) कंधारचंही वैभव वाढलं. तरी वेरूळला गाड्या लावायला जागा मिळत नाही, आणि कंधारच्या एसटीतून पर्यटक म्हणून उतरणारा एखादाच.

नांदेडहून लोह्यामार्गे सकाळीच निघावं आणि ऊन चढायच्या आत किल्ला उरकावा. किल्ला भुईकोट, भोवती रुंद खंदक. दरवाजे एकामागून एक असे वळवून घातलेत की शत्रूला सरळ धाव घेताच येऊ नये. आत लाल महाल, शीशमहाल, मशीद, बुरूज. हे बरंचसं पुढच्या सुलतानी काळातलं. बहमनी गेले, निजामशाही आली. १६३१ मध्ये मोगलांनी किल्ला घेतला आणि शेवटी तो हैदराबादच्या निजामाकडे राहिला. प्रत्येकाने आपापली डागडुजी केली. त्यामुळे ‘राष्ट्रकूटांचा किल्ला’ म्हणून फोटो काढून परतणारा पाहुणा निम्मं कंधार न बघताच जातो, असं माझं मत.

उरलेलं निम्मं तटाबाहेर आहे. मानसपुरीकडे क्षेत्रपालाच्या मूर्तीचे अवशेष आहेत. क्षेत्रपाल म्हणजे शिवाराचा राखणदार. एरवी तो गावाच्या वेशीवर शेंदूर फासलेल्या दगडात भेटतो. इथे त्याच्या उंचीचे अंदाज पन्नास फुटांच्या पुढे जातात. मूर्ती उभी नाही, तुकडे आहेत. पावलाच्या तुकड्याशी बसून बोटं बघावीत. एवढ्या उंच मूर्तीकडे बघणाऱ्याची मान वर गेलेली असणार, जमिनीलगतच्या या भागाकडे कुणाचं लक्ष जाणार, तरी कारागिराने बोटांत कुचराई केलेली नाही. आपली चप्पल शेजारी ठेवली की मूर्तीचं माप कळतं, फूटपट्टी लागत नाही.

कंधारला सापडलेला कृष्ण तिसऱ्याच्या काळातला शिलालेख श्रीनिवास रित्ती आणि शेळके यांच्या नांदेड जिल्ह्यातील शिलालेखांच्या संग्रहात आला आहे. त्यात देवळांसोबत ‘जगत्तुंग समुद्र’ येतो. जगत्तुंग हे गोविंद तिसऱ्याचं बिरुद, आणि कृष्ण तिसऱ्याच्या आजोबांचं नावही. हा समुद्र म्हणजे गावालगतचा तलाव. खंदकात पाणी खेळायचं ते या तलावाच्या जिवावर. मन्याड नदी जवळ आहे, पण मराठवाड्यातली नदी उन्हाळ्यात किती साथ देते हे इथल्या शेतकऱ्याला सांगायला नको. राजाने तळ्याला समुद्र म्हणावं यात बढाई असेल. पण देवळाच्या नोंदींत तळ्याचंही नाव घातलं, यात हिशेब आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये याच राष्ट्रकूटांच्या लट्टलूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. हजार वर्षांपूर्वीच्या अभियंत्यांना आपण एवढ्यात मागास म्हणू नये.

दुपारी हाजी सय्याह सरवर मखदूम यांच्या दर्ग्यात टेकावं. इथल्या उरुसाला पंचक्रोशीतून सगळ्या जातीधर्मांचे लोक येतात. किल्ल्यात न भेटलेली गर्दी इथे भेटते. ऊन कलल्यावर तलावाच्या बांधावरून चालावं.

कोरीव लेण्यांची तहान एवढ्याने भागत नसेल, तर दुसऱ्या दिवशी औसा-निलंगा रस्त्यावरचं खरोसा गाठावं. तिथली लेणी जांभ्या दगडात आहेत, म्हणून झिजलेली. वेरूळच्या काळ्या पाषाणावर दागिन्याचा मणी न् मणी मोजता येतो, इथे रेषा विरल्यात. पुरातत्त्व अभ्यासक जेम्स बर्जेस यांनी १८७८ च्या अहवालात या लेण्यांची नोंद केली, पण मराठवाड्यातल्याच कितीतरी शाळांच्या सहली अजून थेट वेरूळला जातात. वाटेत औशाचा किल्लाही लागतो, त्यामुळे गाडी करून गेलं तर दोन्ही एका दिवसात होतं.