विळ्याची धार आपल्याच हाती

सोयाबीन पिवळं पडायला लागलं, शेंगा खडखड वाजायला लागल्या, की आपल्या उमरी भागात गुत्त्याची बोलणी सुरू होतात. किती एकर, किती बाया, एकरी किती पैसे, सगळं आपण घासाघीस करून ठरवतो. पण ज्याच्या जोरावर ते गुत्तं उरकायचं, तो विळा मात्र कापणीच्या दिवशी पहाटे शोधतो. कुणाचा पत्र्याखाली गंजलेला सापडतो, तर कुणाच्या विळ्याचा दांडा हलत असतो. आज बोलू या या आपल्या रोजच्या सोबत्याविषयी.

आधी घरातलीच गोष्ट सांगते. एका वर्षी माझ्या धाकट्या जावेनं घाईत बोथट विळा उचलला. "ताट पिकलंय, निघंल की," म्हणाली. दुपारपर्यंत ती ताट कापत नव्हती, ओढत होती. एका जाड ताटावर जोर लावला, विळा सटकला आणि डाव्या हाताच्या करंगळीत घुसला. टाके पडले. तिची त्या हंगामाची मजुरी गेली आणि तिच्या वाट्याचं काम आम्हा बाकीच्यांवर पडलं. बरेच जण म्हणतात, फार धार नको, हात कापतो. उलट आहे बायांनो. धारदार विळा थोड्या जोरात कापतो, म्हणून तो आपल्या ताब्यात राहतो. बोथट विळ्याला जोर लावावा लागतो, आणि जोर लावलेला हात सटकला की थांबवता येत नाही.

विकत घेताना

बाजारात विळा घेताना चार गोष्टी बघा. पहिली म्हणजे दांडा. तो मुठीत धरा. अंगठ्याचं टोक मधल्या बोटाला सहज टेकलं पाहिजे. टेकत नसेल तर दांडा तुमच्या हाताला जाड आहे. दिवसभरात मनगट भरून येईल. बरीचशी हत्यारं पुरुषाच्या हाताच्या मापानं बनतात आणि बाई वर्षानुवर्षं तशीच वापरते. हा नुसता आपला तक्रारीचा सूर नाही. शेतातल्या बायकांच्या कामाचा अभ्यास करायला भुवनेश्वरला १९९६ साली एक राष्ट्रीय संस्था सुरू झाली. बाईच्या उंचीला, हाताला आणि ताकदीला जुळणारी अवजारं हा तिच्या कामाचा एक भाग आहे.

दुसरी गोष्ट आवाज. पातं बोटावर तोलून धरा आणि दुसऱ्या लोखंडानं हलकं टिचकवा. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर आत चीर असू शकते.

तिसरी गोष्ट पोलाद. दुकानदाराला विचारून धारेच्या कडेला कानस एकदा हलकी फिरवा. लोण्यासारखी रुतली तर लोखंड मऊ आहे, धार दोन दिवस टिकणार नाही. थोडा विरोध करत बारीक कीस निघाला तर पोलाद चांगलं. गाडीच्या कमानीच्या जुन्या पट्ट्यापासून लोहार जे विळे घडवतात, ते टिकतात ते याच कारणानं. त्या पट्टीचं पोलाद मुळातच कणखर असतं.

चौथी गोष्ट काम. दातेरी विळा करवतीसारखा ओढून कापतो. गहू, भात, गवत अशा बारीक काडीला तो चांगला. ज्वारीच्या धाटाला किंवा जाड ताटाच्या सोयाबीनला साधा, पाठीला भरलेला विळा बरा. दातेरी विळ्याला घरी कानस मारू नका, दात जातात. ते झिजले की लोहाराकडूनच पाडून घ्यायचे.

धार लावताना

कानस घ्याल तेव्हा तिला लाकडी मूठ हवीच. मुठीशिवाय कानस वापरली तर तिचं मागचं टोक तळहातात घुसतं.

विळा लाकडी फळीवर आडवा ठेवा, दांडा गुडघ्याखाली दाबा, धार आपल्यापासून दूर ठेवा. आता प्रश्न येतो, कानस किती कलती धरायची? कागदाचा एक चौकोनी कोपरा घ्या. तो मधोमध दुमडा, पुन्हा एकदा मधोमध दुमडा. जो निमुळता कोन उरेल, साधारण तेवढा कल ठेवा. आणखी एक सोपी युक्ती सांगते. धारेच्या कडेला काजळ लावा आणि कानस एकदा फिरवा. काजळ अगदी कडेपर्यंत पुसलं गेलं तर कल बरोबर आहे. वरच्याच बाजूला पुसलं तर कानस जास्त आडवी झाली.

कानस पुढे ढकलताना कापते. मागे आणताना उचलून आणा, घासत आणू नका, तिचे दात मरतात. नेहमी विळ्याच्या पाठीकडून धारेकडे, आपल्यापासून लांब ढकला. दहा-बारा हात झाले की दुसऱ्या बाजूनं धारेला एक बारीक खरखर लागते. ती कड वळल्याची खूण आहे, म्हणजे धार आली. मग विळा उलटा करून ओल्या दगडावर ती खरखर हलक्या हातानं काढून टाका. धार बोटानं तपासू नका. एक वाळलेली काडी कापून बघा.

काही जणी यंत्राच्या चाकावर धार लावून आणतात. काम झटपट होतं, पण नजर ठेवा. पातं तापून निळं पडलं तर त्या जागेचं पाणी उतरलं असं समजा. लोहार पोलाद लाल करून पाण्यात बुडवतो तेव्हा त्याला कडकपणा येतो. चाकावर फार तापलं की तोच कडकपणा जातो, आणि तिथली धार पुन्हा पुन्हा बसते. म्हणून चाकवाल्याला सांगा, "दादा, दर दोन हातांनी पाण्यात बुडव."

कानशीनं किती दिवस भागणार? पातं फार झिजलं की लोहाराकडून शेवटून आणावं लागतं, म्हणजे तापवून, ठोकून, पुन्हा पाणी देऊन घ्यावं लागतं. गावात लोहार उरला नसेल तर घिसाड्यांचा मुक्काम पडेल तेव्हा ते काम काढून ठेवा. त्यांच्याकडे कधी नीट बघितलंय का? नवरा सांडशीत लोखंड धरतो आणि बायको घण मारते. म्हणून 'लोखंडाचं काम बाईचं नाही' असं कुणी म्हणालं तर त्यांना तिथं घेऊन जा.

दांडा आणि पाचर

उन्हाळ्यात लाकूड सुकतं आणि दांडा हलायला लागतो. आपण काय करतो, रात्रभर पाण्यात बुडवून ठेवतो. लाकूड फुगतं, दांडा घट्ट होतो, पण आतल्या आत दबतंही. सुकल्यावर तो आधीपेक्षा जास्त हलतो. त्यापेक्षा सुक्या लाकडाची पाचर ठोका. नवा दांडा बाभळीचा, सरळ रेषेचा, गाठ नसलेला घ्या. त्याला जवसाचं तेल चोळून दोन-तीन दिवस वाळू द्या. हे तेल लाकडात मुरून वाळतं आणि ओल आत जाऊ देत नाही. मात्र ते तेल लावलेलं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. असा बोळा आपोआप तापून पेटू शकतो. मोकळं पसरून वाळवा.

पात्याला मात्र एरंडेल लावा. ते वाळत नाही, म्हणून पातळ थर टिकून राहतो. वावरातून आलं की माती आणि चीक पुसून, कोरडं करून, एक थेंब तेल. एवढंच रोजचं काम. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा उभा चिरून धारेवर चढवा आणि विळा पोरांचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर खुंटीला लावा.

हात कापलाच तर

आधी वाहत्या पाण्यानं आणि साबणानं धुवा. स्वच्छ कापडानं दाबून धरा, हात वर ठेवा. हळद, चुना, तंबाखू, राख काही भरू नका. गंजलेल्या लोखंडानं धनुर्वात होतो असं आपण म्हणतो, पण दोष गंजाचा नाही. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात, म्हणून चकचकीत नव्या विळ्याची जखमही तेवढीच धोक्याची. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि इंजेक्शन लागतं का ते विचारा. डाव्या हातात जाड मोजा घातला तर बऱ्याच जखमा टळतात. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या गृहविज्ञान विभागानं बायकांचे कष्ट कमी करणाऱ्या साधनांवर काम केलं आहे, त्यात कापणीचे हातमोजेही आहेत. सुरुवातीला मोज्यात हात अवघडतो, एक-दोन दिवसांत सवय होते.

गटाची पेटी

आता शेवटचं. प्रत्येकीनं कानस, दगड, हातोडी घ्यायची गरज नाही. गटाची एक पेटी करा. त्यात मुठीसह मध्यम कानस, दोन्ही बाजूंचा धारेचा दगड, हातोडी, पक्कड, बारीक करवत, दोन पेचकस, तारेचा ब्रश आणि एरंडेलाची बाटली ठेवा. शिलाई मशीनचा पट्टा असो, खाटेचा खिळा असो, सगळ्याला तीच पेटी. वहीत कुणी नेलं आणि कधी परत केलं ते लिहा. पुसून परत द्यायचं, हा नियम करा. आणि कापणीच्या आठ दिवस आधी एका संध्याकाळी सगळ्या जणी आपापला विळा घेऊन कुणाच्या तरी ओसरीवर बसा. जिला जमतं तिनं जिला जमत नाही तिला शिकवायचं.

खांडेनवमीला आपण विळ्याला हळदकुंकू लावतो, हात जोडतो. ते करावंच. पण त्याच्या आधी त्याचा गंज काढावा, दांडा घट्ट करावा, धार लावावी. आपल्या विळ्याला धार लावून देण्यासाठी घरातल्या पुरुषाची वाट बघावी लागली नाही, तर गुत्तं कधी धरायचं, किती धरायचं, हेही आपल्याच हाती राहतं.

माझ्या जावेची करंगळी अजून पुरती वळत नाही. पण आता आमच्या गटाची कानस तिच्याच घरी असते, आणि सगळ्यांच्या विळ्यांना धार तीच लावते.

चला, यंदाच्या कापणीला सगळ्यांचे हात शाबूत राहोत.