पासवर्ड विसरलात? आधी आपल्याच फोनमध्ये शोधा

गटाचा ईमेल उघडायचाय, अर्जाची मुदत जवळ आलीय आणि नेमका पासवर्डच आठवत नाही. मग कुणीतरी 'काढून देतो' म्हणून पैसे मागतो, नाहीतर आपला फोनच त्याच्या हातात द्यावा लागतो. तसं करण्याआधी थोडं थांबा. विसरलेला पासवर्ड पुष्कळदा आपल्याच फोनमध्ये असतो आणि तो बघायला एक रुपयाही लागत नाही.

तो तिथे जातो कसा? एखाद्या साइटवर आपण पासवर्ड टाकला की क्रोम विचारतं, 'पासवर्ड सेव्ह करायचा का?' आपण घाईत 'सेव्ह' दाबतो आणि विसरून जातो. क्रोम मात्र तो जपून ठेवतं.

आता फोन हातात घेऊनच ऐका. क्रोम उघडा. कोपऱ्यात एकाखाली एक असे तीन ठिपके दिसतील, ते दाबा. 'सेटिंग्ज'मध्ये जा. तिथे 'गूगल पासवर्ड मॅनेजर' दिसेल. ते उघडलं की पासवर्ड सेव्ह केलेल्या साइट्सची यादी येते. हवं ते नाव दाबा. फोन आपलं लॉक विचारेल, म्हणजे पॅटर्न, पिन किंवा बोटाचा ठसा. लॉक उघडलं तरी पासवर्डच्या जागी आधी नुसते ठिपके दिसतात. शेजारच्या डोळ्याच्या चित्रावर बोट ठेवा, की अक्षरं दिसतील. मोठं अक्षर, लहान अक्षर, आकडा, सगळं जसंच्या तसं वहीत उतरवा आणि ती वही कपाटात ठेवा.

फोन नवा घेतला असेल तरी घाबरू नका. जुन्या फोनवर पासवर्ड गूगल खात्यात सेव्ह झाले असतील, तर नव्या फोनवर तेच खातं उघडल्यावर ते परत मिळतात.

यादीत नाव नसेल तर? मग त्या साइटवरच 'पासवर्ड विसरलात?' असं लिहिलेलं असतं, ते दाबा. बहुतेक ठिकाणी खात्याला जोडलेल्या मोबाईलवर किंवा ईमेलवर ओटीपी येतो आणि नवा पासवर्ड ठेवता येतो. म्हणून गटाच्या खात्याला जोडलेला नंबर चालू ठेवा. अध्यक्ष, सचिव बदलल्या की बँकेतल्या सह्या बदलतो ना, तसाच हा नंबरही बदलून घ्या. नाहीतर ओटीपी जुन्या सचिवताईंच्या फोनवर जाईल आणि गटाचं काम अडून बसेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जे आपल्याला दिसतं, ते आपल्या फोनचं लॉक माहीत असलेल्या कुणालाही दिसतं. म्हणून पॅटर्न घरभर सांगू नका. बँकेचा पासवर्ड क्रोममध्ये ठेवूच नका. आधीच ठेवला असेल तर याच यादीतून तो काढून टाका. दुसऱ्याच्या फोनवर किंवा दुकानातल्या कॉम्प्युटरवर काम करताना 'सेव्ह करू का?' असं आलं, तर 'कधीही नाही' दाबा. काम झालं की लॉग आउट करायला विसरू नका.

आणखी एक. 'पासवर्ड काढून देतो, हे ॲप टाका' असा फोन आला तर तो ठेवून द्या. अशा काही ॲपमधून आपला स्क्रीन समोरच्याला दिसतो. ओटीपी तर कुणालाच सांगायचा नाही, बँकेचं नाव सांगणाऱ्यालाही नाही. फसवणूक होऊन पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नका. लगेच 1930 या नंबरवर तक्रार करा. जितकी लवकर तक्रार, तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं काढा. प्रत्येकीने आपापल्या फोनमधली ही यादी स्वतःच्या हाताने उघडून बघा. जिला जमलं, तिने शेजारणीला दाखवा. पासवर्ड मात्र ज्याचा त्यानेच बघायचा.