मेजावरची बाटली महाग का?

युरोपातील एखाद्या मोठ्या शहरात भोजनगृहात शिरलेला पाहुणा दरपत्रक उघडतो, तेव्हा पदार्थांचे दर वाचून तो फारसा दचकत नाही. परंतु वाइनच्या पानावर त्याची नजर अडखळते. शेजारच्या दुकानात दहा युरोंना मिळणाऱ्या बाटलीपुढे येथे पंचवीस किंवा तीस युरो लिहिलेले असतात. बाटली तीच, बूचही तेच. मग वरच्या वीस युरोंना काय म्हणावे, मोबदला की लूट?

हा प्रश्न आजचा नाही. अठराव्या शतकातील पॅरिसमध्ये तर तो कष्टकऱ्यांच्या रोजच्या जिव्हाळ्याचा होता. शहरात येणाऱ्या वाइनवर वेशीपाशी जकात घेतली जाई. ती मापावर असे, प्रतीवर नसे. पिंपात सरदाराची उंची वाइन असो की हमालाची आंबट वाइन असो, आकार सारखाच. त्यामुळे श्रीमंताला ती जाणवत नसे आणि गरिबाच्या पेल्याची किंमत मात्र तिनेच फुगे. म्हणून सुट्टीच्या दिवशी कारागीर व मजूर बायकामुलांसह वेशीबाहेरच्या मद्यगृहांकडे पायी जात. झाँ रांपोनो नावाचा तेथील मद्यविक्रेता केवळ स्वस्त वाइनमुळे साऱ्या शहराला ठाऊक झाला होता.

ही गळती राजाच्या करमक्तेदारांना कशी खपावी? १७८० नंतरच्या दशकात त्यांनी पॅरिसभोवती नवी भिंत उभारली. तिचा पुरस्कार करणाऱ्यांत प्रख्यात रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए हाही होता, कारण तोही त्या मक्त्यातील एक भागीदार होता. जुलै १७८९ मध्ये बास्तियचा तुरुंग पडण्याच्या एकदोन दिवस आधी लोकांनी या भिंतीची जकात नाकी पेटवून दिली. १७९१ मध्ये जकात उठली, १७९८ मध्ये ती पुन्हा आली. दरम्यान १७९४ मध्ये इतर मक्तेदारांबरोबर लाव्हाझिएचाही शिरच्छेद झाला होता.

ती भिंत गेली, तरी दुकान आणि मेज यांच्यामध्ये दुसरी एक भिंत उरली आहे. ती कशाची, हे पाहिले पाहिजे. नेहमीच्या बाटलीत ७५० मिलिलिटर वाइन मावते. म्हणजे १५० मिलिलिटरचे पाच पेले. पहिल्या पेल्याच्या विक्रीतच बाटलीची घाऊक किंमत वसूल व्हावी, असा या धंद्यातील प्रचलित आडाखा आहे. उरलेल्या चार पेल्यांतून जागेचे भाडे, वाढप्यांचे पगार, फुटणारे पेले आणि तळघरात महिनोन्‌महिने अडकून पडलेले भांडवल भागवावे लागते. बुचाचा वास लागलेली बाटली गिऱ्हाइकाने परत केली, तर ती बदलून द्यावी लागते. पेल्यापेल्याने विकलेली बाटली उघडी राहिली, तर हवेतील प्राणवायूने ती थोड्या दिवसांत बिघडते.

शिवाय स्वयंपाकघराचा हिशेब वेगळाच असतो. तेथे माणसे फार लागतात, माल नासतो आणि नफा थोडा सुटतो. बटाट्याचा वा मांसाचा भाव गिऱ्हाइकाला ठाऊक असतो, म्हणून पदार्थाची किंमत फार चढवता येत नाही. वाइनचा भाव सहसा ठाऊक नसतो, तेथे हात सैल सुटतो. स्वयंपाकघरातील तूट अशी तळघरातून भरून निघते. साधे पाणी पिऊन जेवणाऱ्याच्या ताटाचा काही भार शेजारचा वाइन पिणारा नकळत उचलत असतो.

येथवरचा हिशेब समजण्याजोगा आहे. परंतु पुष्कळ ठिकाणी स्वस्त बाटलीची किंमत तिप्पट किंवा चौपट होते आणि अति उंची बाटलीवर मात्र प्रमाणाने बराच कमी नफा घेतला जातो. म्हणजे पॅरिसच्या जकातीचाच जुना न्याय! त्यातच पाहुण्यांदेखत सर्वांत स्वस्त बाटली मागवण्याचा संकोच वाटून माणूस तिच्या वरची बाटली मागवतो आणि भिडेची किंमत चुकवतो.

भारतात या सर्वांवर कराचा थर चढतो. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला, तेव्हा मद्य त्याबाहेर ठेवले गेले. अबकारी धोरण राज्याराज्याचे निराळे राहिले. म्हणून नाशिकच्या द्राक्षांची एकच बाटली गोव्यात एका दराने आणि महाराष्ट्रात दुसऱ्या दराने विकली जाते. परदेशी वाइनवर तर अनेक वर्षे १५० टक्के आयातशुल्क होते. उपाहारगृह आपला नफा या करासकट किमतीवर चढवते, तेव्हा वाइनबरोबर करही दुप्पट-तिप्पट होऊन गिऱ्हाइकाच्या माथी बसतो.

यावर काही ठिकाणी साधे मार्ग निघाले आहेत. ऑस्ट्रियाचा सम्राट दुसरा जोसेफ याने १७८४ मध्ये द्राक्षबागाइतदारांना स्वतःची वाइन स्वतःच्या जागेत विकण्याची मुभा दिली. व्हिएन्नाच्या परिसरात आजही असा बागाइतदार दारावर हिरव्या डहाळ्यांची जुडी टांगतो आणि मध्यस्थावाचून वाइन पाजतो. इटलीतील खाणावळीत घरची वाइन पाव किंवा अर्ध्या लिटरच्या मापाने सुरईतून मिळते. मेलबर्नच्या कित्येक भोजनगृहांत गिऱ्हाईक आपली बाटली घेऊन येते आणि ती उघडण्याचे व पेल्यांचे ठरावीक शुल्क देते.

या शेवटच्या रीतीत एक प्रामाणिकपणा आहे. वाइनची किंमत किती आणि मेजाची किती, हे तेथे वेगवेगळे दिसते. मेज, पेला, सेवा यांना मोल आहेच आणि ते देण्यास कोणी सभ्य माणूस नाकारणार नाही. मात्र ते दुसऱ्या वस्तूच्या नावाखाली मागितले, की मोबदलाही लुटीसारखा भासतो. तोवर गिऱ्हाइकाने निदान दर मोकळेपणाने विचारावा आणि परवडेल तीच बाटली निःसंकोच मागवावी. त्यात कमीपणा काहीच नाही.