घरची भाषा सोडू नका

नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये. या तालुक्यातल्या कितीतरी मुलांच्या कानावर घरात मावची पडते, बाजारात गुजराती आणि अंगणवाडीत मराठी. टीव्हीवर हिंदी असतेच. अशा ठिकाणी तीन वर्षांचं मूल बोलत नसेल तर सल्ला ठरलेला: ‘एवढ्या भाषांनी पोर गोंधळलंय, घरातही मराठीच बोला.’ हेतू चांगला असतो, पण सल्ल्याला आधार नाही. उशिरा बोलण्यामागे कधी ऑटिझम असतो, पण तो असलेल्या मुलांच्या अभ्यासांतही दोन भाषांच्या घरातली मुलं एका भाषेच्या घरातल्या मुलांपेक्षा मागे पडलेली दिसलेली नाहीत. उलट परक्या भाषेत आई मोजकंच बोलते. लाड करणं, चिडवणं, गाणं म्हणणं आपोआप आटतं.

शिवाय उशिरा बोलणं म्हणजे ऑटिझमच, असंही नाही. आधी कान तपासून घ्यावेत. मग बघायचं ते शब्दांच्या पलीकडे. दीड वर्षाचं मूल आभाळातलं विमान बोटाने दाखवतं आणि लगेच आईकडे वळतं, तिलाही दिसलं ना ते बघायला. ऑटिझममध्ये नेमकं हे वळणं कमी असतं. बिस्किटांचा डबा हवा असेल तर मूल आईचं मनगट धरून तिचा हात डब्यावर नेऊन ठेवतं, तिच्या चेहऱ्याकडे मात्र बघत नाही. नावाने हाक मारली तर ढिम्म, पण आतल्या खोलीत पुडी फाडल्याचा आवाज आला की धावत येतं. काही मुलं आलेले चार शब्दही गमावून बसतात. तेव्हा तरी ‘बापही उशिराच बोलला होता’ म्हणत थांबू नये.

रक्ततपासणीत किंवा मेंदूच्या स्कॅनमध्ये ऑटिझम दिसत नाही. मुलाचं निरीक्षण आणि पालकांशी सविस्तर बोलणं, यावरच निदान ठरतं. आपल्याकडे त्याच्या मोजमापासाठी ‘इसा’ ही भारतीय मोजपट्टी वापरतात: ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण, बेरीज ७० किंवा जास्त आली तर ऑटिझम. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मधल्या २१ प्रकारांत तो येतो, त्यामुळे प्रमाणपत्रही मिळतं.

निदानानंतर घरात पहिला आरोप आईवर होतो. तो जुनाच. मानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ऑटिझम असलेल्या ११ मुलांचं वर्णन केलं, त्यानंतर कित्येक वर्षं डॉक्टरच मायेत कमी पडणाऱ्या आयांना दोषी धरत होते. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अशा मुलाचा बाप होता, ते खोडून काढलं. आज आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्याचं स्पष्ट आहे. लसीमुळे ऑटिझम होतो, हा आरोपही टिकला नाही. तसा संबंध जोडणारा १९९८ चा शोधनिबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला.

नवापूरसारख्या गावाला मोठ्या शहरातल्या थेरपी सेंटरपेक्षा गोव्यातला एक प्रयोग जास्त कामाचा वाटतो. तिथल्या ‘संगत’ संस्थेने थेरपिस्ट नसलेल्या कार्यकर्त्यांना तयार करून घरोघरी पाठवलं. मूल आणि आई खेळत असताना व्हिडिओ घ्यायचा आणि नंतर तो आई आणि कार्यकर्तीने मिळून बघायचा. मुलाने गाडीचं चाक फिरवलं आणि आई ‘लाल रंग सांग, लाल!’ म्हणाली, तर तिथे थांबून विचार करायचा. त्याच्या चाकाकडे बघत नुसतं ‘फिरलं!’ म्हटलं असतं तर? पंधरा दिवसांनी एक भेट, सहा महिने. गोवा आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी मिळून ६५ मुलांवरचे निष्कर्ष २०१६ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त आले. आयांचा प्रतिसाद मुलाच्या कलाने जाऊ लागला होता आणि मुलं स्वतःहून जास्त वेळा संवाद सुरू करत होती. दोघांचं लक्ष एकाच गोष्टीवर असण्याचा वेळ मात्र वाढला नाही, तो कमीच झाला. जादू नाहीच ही. तरी मायबापांच्या हाती काही देणारा प्रयोग एवढ्या काटेकोरपणे तपासला गेला, हे मला मोलाचं वाटतं.

सुरुवात मात्र तपासणीपासूनच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं तपासणी पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येणं अपेक्षित असतं. शंका असेल तर अंगणवाडीताईंना तारीख विचारून ठेवावी. तपासणीच्या गर्दीत मूल बहुधा रडतं किंवा गप्प बसतं, डॉक्टरांना काहीच दिसत नाही. म्हणून घरी खेळतानाचा, हाक मारतानाचा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ मोबाइलमध्ये घेऊन जावा. त्यात आई मावचीत बोलत असली तर उत्तमच.